पुढची चाकं उचलली तेव्हा

ओझरजवळच्या एका खेड्यात माझी आत्या एकटीने द्राक्षबाग सांभाळायची. काका गेल्यावर ती ट्रॅक्टर चालवायला शिकली. नव्वदच्या दशकात आमच्याकडे ट्रॅक्टरवर बसलेली बाई सहसा दिसत नसे. मी नाशिक रोडच्या कॉलनीत वाढलेली. कॉलेजच्या सुट्टीत तिच्याकडे जायचे ते मडगार्डवर बसून हिंडायला मिळावं म्हणून.

त्या उन्हाळ्यात विहिरीच्या कठड्यासाठी खाणीवरून दगड आणायचे होते. ट्रॉली भरली, तरी थोडे दगड खाली उरले. आत्याने ट्रॉलीच्या दबलेल्या टायरांकडे पाहिलं, क्षणभर घुटमळली आणि खाणीवरच्या मजुरांना म्हणाली, "घाला तेवढेबी. पुन्हा खेप नको." मागे जागा नव्हती, म्हणून ते दगड पुढच्या बाजूला, ट्रॅक्टरलगत रचले गेले.

वाटेत ओहोळ ओलांडून चढ लागतो. मी नेहमीसारखी मडगार्डवर बसले होते. अर्ध्या चढावर आत्या स्टेअरिंग फिरवत होती, पण ट्रॅक्टर वळेना. मग त्याचं नाक वर उठलं. झटका नाही, आवाज नाही. एवढं थोरलं लोखंडी धूड, पण कुणी खालून अलगद उचलावं तसं उठत गेलं. वाट दिसेनाशी झाली, समोर नुसतं आभाळ. पुढची दोन्ही चाकं हवेत संथ फिरत होती. मला भीती वाटायची राहूनच गेली. मी बघतच राहिले.

आत्याने क्लच दाबला. नाक धाडकन खाली आदळलं. ट्रॉलीने आम्हाला थोडं मागे ओढलं, तेवढ्यात तिने ब्रेकवर सगळं अंग टाकलं.

"हळूच उतर," ती म्हणाली. "ट्रॉलीच्या मागं जाऊ नको. बाजूनंच चाकाखाली दगड सरकव."

मी दगड लावल्यावर ती उतरली आणि बांधावर बसली.

"आत्या, असं उठतं हे?"

"मागचं वजन लय झालं की पुढचं उचलतं, असं ऐकलं होतं," ती म्हणाली. "बघितलं आज."

ट्रॉलीत चढून आम्ही दोघींनी दगड उतरवायला घेतले, आधी पुढच्या बाजूचे, ट्रॅक्टरच्या हुकावर भार टाकणारे. एकेक दगड उचलताना माझी कंबर मोडत होती, आणि असले ढीगभर दगड घेऊन आम्ही चढ चढायला निघालो होतो. निम्मी ट्रॉली रिकामी झाल्यावर ट्रॅक्टर मुकाट वर गेला. उरलेले दगड दुसऱ्या खेपेला नेले.

पुढच्या आठवड्यात आत्याने ट्रॉलीच्या फळीवर आतून पांढरा पट्टा ओढला. दगड, वाळू त्याच्यावर जाऊ द्यायची नाही. कांदा हलका, तो मात्र काठोकाठ भरायची. पट्टा इतका खाली होता की आजूबाजूचे शेतकरी विचारायचे, "एवढीच भरता व्हय?" आत्या त्यांना बसवून चहा द्यायची आणि घडलेलं सांगायची. सांगताना तिचा तळहात मांडीवरून हळूहळू वर उठायचा, आणि ऐकणाऱ्यांची नजर त्या हाताबरोबर वर जायची.