जस्ताची चाहूल

पक्षाघातानंतर आज पहिल्यांदाच यांनी उजव्या हाताने शर्टाचं बटण लावलं. मी चहा घेऊन दारातच थांबले.

आमची लेक मेघना मेंदूच्या पेशींवर संशोधन करते. ती परवा म्हणाली, "आई, काही पेशींवर जस्ताची चाहूल घेणारा एक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतो. मेंदू आणि रक्तवाहिन्या निरोगी राखण्यात त्याचा वाटा असावा. अजून पुष्कळ कळायचंय."

जस्त म्हटलं की मला जस्ती बादलीच आठवायची. त्याचे कण आपल्यातही असतात आणि त्यांची दखल घेणारं कुणी आत बसलेलं असतं, हे ऐकून मी हरखले. आपल्या नकळत आपल्याला किती जण सांभाळत असतात!

"काय बघतेस?" यांनी सावकाश विचारलं.

"तुम्हाला."

हे लाजले. हसू ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत सारखंच उमटलं.