बोगद्यावरचं कुंकू

“हात लावू नका!” हेरिटेज खात्याच्या बाई वरून ओरडल्या. मी गुडघाभर चिखलात उभा होतो. हात लावण्यासाठीच तर कंपनीने मला पाठवलं होतं.

मी हायड्रॉलॉजिस्ट, म्हणजे पाण्याचा इंजिनिअर. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या या खेड्यात स्पॅनिश काळातला बोगदा आहे. डोंगराच्या पोटातलं पाणी तो हलक्या उताराने गावात आणतो. पंप नाही, वीज नाही. आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या नहरींसारखाच. दर वसंतात गावकरी उतरून गाळ काढतात. यंदा छत ढासळलं, पाणी अडलं. झाडांना कळ्या आल्या होत्या. गाळ लगेच निघाला नाही, तर गावाच्या सगळ्या बागा गेल्या असत्या.

पण बाईंनी काम थांबवलं होतं. बोगद्याच्या तोंडाशी दगडावर लाल बोटं ओढलेली होती आणि शेजारी करवंटी.

“वाळवंटात नारळ! केवढा प्राचीन व्यापार!” बाईंना आनंद आवरत नव्हता. करवंटीला त्यांनी नंबर दिला होता. पलीकडच्या उदबत्तीच्या काडीलाही.

“गावात कोणी इंडियन आहे?” मी गावप्रमुख हेक्टरला विचारलं. त्याने डाळिंबाच्या बागेकडे बोट दाखवलं. तिथे देशपांडे काका-काकू राहत होते. काका डेट्रॉइटहून रिटायर झालेले हार्टचे डॉक्टर.

“काका, ते कुंकू तुमचं?”

“मी पक्का नास्तिक, यार! गेल्या वर्षी मीही गाळ काढायला निघालो, तर ही म्हणाली, आधी नारळ फोडा. आर्ग्यू करून थकलो, फोडला.”

“काकू, बाईंना जरा एक्सप्लेन करा ना.”

“सांगत कशाला बसू? करूनच दाखवते.”

काकूंनी बोगद्याच्या तोंडाशी ताट आणलं. हळद, कुंकू, उदबत्ती. काकांनी तोंड वाकडं करून नारळ फोडला. आता बाई खजील होतील, असं मला वाटलं. त्या गहिवरल्या.

“लिव्हिंग ट्रॅडिशन!” म्हणजे चालू परंपरा. तिचा भाग असलेल्या साफसफाईला त्यांच्या नियमांत परवानगी होती.

“पण ही ट्रॅडिशन गेल्याच...” मी तोंड उघडलं. काकूंनी माझ्या पायावर पाय दिला.

“अट एकच,” बाई म्हणाल्या. “दरवर्षी विधी झाल्याशिवाय फावडं लावायचं नाही. आणि विधी याच गुरुजींनी करायचा.” बोट काकांकडे होतं. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

संध्याकाळी बॉसचा फोन आला. “सोल्यूशन काय निघालं?”

“कोकोनट.”

“व्हॉट?”

गाळ निघाला आणि पाणी आलं. हेक्टर पाटात बसून लहान मुलासारखा रडला. मलाही भरून आलं. माझा उताराचा सगळा हिशेब परवान्याच्या मागे कुठेतरी जोडला गेला, कोणी उघडला नाही.

तेव्हापासून एक शिकलो. परवानगी योग्य मिळत असेल, तर तिचं कारण दुरुस्त करायला जाऊ नये.