बलबीरजींचा डावा कान

मी असल्या गोष्टी मानणारी मुलगी नाही. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, आणि कोणी भुताखेतांचं बोलायला लागलं की बाबा "चलो, झोपा आता" म्हणून दिवा बंद करायचे. शिवाय माझं कामच तपासणीचं... ऐकू येतं किंवा येत नाही. मधलं काही नसतं, असं मला वाटायचं.

पानिपतकडे जाणाऱ्या हायवेलगत, दिल्ली संपता संपता, ट्रकचा एक मोठा तळ आहे. तिथल्या एका खासगी सेंटरमध्ये मी आणि सायली ट्रक ड्रायव्हरांची मेडिकल करतो. लायसन्स रिन्यू करायचं असो की नव्या कंपनीत लागायचं असो, आधी डोळे आणि कान तपासून घ्यावे लागतात. सायली डोळे बघते — लांबची अक्षरं, लाल-हिरवा रंग, बाजूचं किती दिसतं ते. मी कान. मशीनवर बसवण्याआधी आमच्याकडे एक जुनी टेस्ट घेतात. ड्रायव्हरच्या मागे उभं राहायचं, म्हणजे त्याला ओठ दिसत नाहीत. त्याचा एक कान बोटाने दाबून बंद करायचा, श्वास पूर्ण सोडायचा आणि उरलेल्या हवेत दुसऱ्या कानाशी एखादा आकडा किंवा शब्द कुजबुजायचा. त्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. हे काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाजच मुळात तेवढा आहे. सायली कुजबुजली तर बाहेरच्या चहावाल्याला ऐकू जातं.

सायली नाशिकची. माझ्यानंतर लागली. "पाजी, वो चष्मा काढो ना, फिर मेरेको सांगो" असलं तिचं हिंदी, आणि ड्रायव्हर त्यावर खूश. सेंटरचे डॉक्टरसाब तिला 'बेटा' म्हणतात, मला 'मॅडम'. दिल्लीत मुनिरकातली भाड्याची खोली मी शोधली, तिला सोबत घेतलं, तर घरमालकीण गाजराचा हलवा तिच्यासाठी पाठवते. माझी स्वतःची आई फोनवर विचारते, "सायली जेवली का गं?"

आणि सेंटरमध्ये पर्मनंट जागा एकच होणार होती. तिला नाहीतर मला.

जानेवारीतली दुपार होती, धुकं नुकतंच उठलं होतं. कोणी ड्रायव्हर सायलीसाठी पानिपतहून ब्लँकेट घेऊन आला होता. "बेटी, दिल्ली की ठंड तूने देखी कहाँ है!" ते अंगाभोवती गुंडाळून ती खोलीभर महाराणीसारखी फिरत होती आणि डॉक्टरसाब दारात उभे राहून हसत होते. माझ्यासमोर खुर्चीत बलबीरजी. रोहतककडचे, सिमेंटचा ट्रक चालवणारे, पिकल्या मिशांचे.

उजवा कान उत्तम. "सात." — "सात जी." "टायर." — "टायर जी."

मग मी उजवा दाबून धरला आणि डाव्याशी म्हणाले, "बाईस." काही नाही. "ब्रेक." काही नाही. तिसऱ्या शब्दासाठी श्वास सोडला, आणि माझी नजर त्या ब्लँकेटवर गेली. मी काहीही बोलले नाही. ओठ मिटलेले होते, हे मी शपथेवर सांगते. मनात फक्त एक वाक्य येऊन गेलं.

आणि बलबीरजी मोठ्याने, स्पष्ट म्हणाले, "हिच्या हातून काहीतरी मोठं चुकावं, म्हणजे सगळ्यांचे डोळे उघडतील."

मराठीत! 'चुकावं'मधला च अगदी आपला, जो दिल्लीत वाढलेल्या माझ्या चुलतभावालाही जमत नाही.

डॉक्टरसाबना अर्थ कळला नव्हता. सायलीला कळला होता.

"भैया, अभी क्या बोला आपने?" तिने विचारलं.

"जो मॅडमजी ने कान में बोला, वही."

"मराठी आती है आपको?"

"कौन, मेरे को? ना जी."

डॉक्टरसाबनी त्यांना मशीनवर बसवलं. डाव्या कानात आवाज शेवटपर्यंत वाढवला तरी शून्य. बलबीरजी ओशाळले. "बचपन में कान बह गया था जी. सोचा, इस बार भी निकल जाएगा." दुसरा कान चांगला म्हणून ते पास झाले. जाताना मी त्यांना दाराशी गाठलं आणि विचारलं, खरंच ऐकलंत? त्यांनी डाव्या कानाला हात लावला. चेहऱ्यावर असा आनंद की मला बघवेना.

"होश संभालने के बाद पहली बार इससे कुछ सुना, मॅडमजी. आप ही की आवाज़ थी. कितना साफ बोलती हो आप!"

खोलीवर आल्यावर सायली कुकर लावता लावता पाठमोरीच म्हणाली, "तू ते त्याच्या कानात बोललीस?"

नाही म्हणावं, तर ते माझ्या आत होतं हे कबूल करायचं. बोललेच नसेन तर ते आलं कुठून, हे तिने विचारलंच असतं.

"बोलले," मी म्हणाले. "मस्करी. वाटलं त्याला काय कळणार."

ती वळली, ओला टॉवेल माझ्या तोंडावर फेकला. "हलकट! अगं मला वाटलं, तू मनापासून..." आणि मग इतकी हसली की खालून घरमालकिणीने आवाज दिला. दोन मिनिटांत तिचं सगळं साफ. मला ते वर्षभरात जमलं नसतं.

जागा तिलाच मिळाली.

डॉक्टरसाबना मी आडून विचारलं होतं. ते म्हणाले, कधी कधी आवाज हाडातून पलीकडच्या कानात पोचतो. पण त्यासाठी आवाज हवा ना? तो नव्हताच. आणि मराठी कुठून पोचली? मला आजही कळलेलं नाही.

सायली हा किस्सा अजून सगळ्यांना सांगते — माझी मस्करी, बलबीरजींचा मराठी च, डॉक्टरसाबचा चेहरा. लोक पोट धरून हसतात. माझ्या आयुष्यात एकदाच असं काही घडलं, आणि तेही तिच्याच तोंडून रंगतं. म्हणून खरं काय झालं ते इथे लिहिलं. ती मराठी फोरम वाचत नाही.