बोंबलांच्या जोड्या

कथा शनिवारपर्यंत पाठवायची होती. मासिकाच्या संपादकबाईंनी दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा मागितली असती तर त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नसतं, आणि ते बरोबरच झालं असतं. चार महिन्यांत माझा एकच परिच्छेद झाला होता. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे प्रत्येक मराठी शब्दापाशी मी थांबायचे. हा बरोबर आहे का, त्याच्या शेजारी तो शोभेल का. संध्याकाळपर्यंत सगळं खोडून व्हायचं.

थळला आमच्या घरामागे कोळ्यांची मासळी सुकवायची मोकळी जागा आहे. मंगळवारी सकाळी शेजारच्या काकींनी तिथूनच हाक मारली. सुनेला ताप होता आणि बोंबलांच्या चार टोपल्या तशाच पडल्या होत्या. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून गेले.

काम सोपं होतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. मी सारख्या लांबीचे दोन शोधायला लागले. काकींची अर्धी दोरी भरली तेव्हा माझ्या पाच जोड्या झाल्या होत्या.

"काय गो, लगीन जुळवतेस काय त्यांचं?" काकी म्हणाल्या.

"पत्रिका पन बघ!" पलीकडच्या दोरीवरून कोणीतरी ओरडलं.

"लहान-मोठे लावले तर पडतील ना?" मी विचारलं.

"न्हाय पडत. तोंडात तोंड धरलं की झालं. हाताला लागेल तो घे. ऊन काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"

मी न बघता टोपलीत हात घालायला लागले. दोरी वेडीवाकडी दिसत होती, पण एकही जोडी पडली नाही.

घरी आल्यावर तीनदा हात धुतले आणि लिहायला बसले. मराठी शब्द आला नाही तिथे इंग्रजी टाकला आणि पुढे गेले. मागचं वाचलं नाही. दुपारपर्यंत सहा पानं झाली. चांगली होती असं नाही. पण त्यात एका आईचं आणि मुलीचं भांडण आलं होतं, जे मी कथेत आणायचं ठरवलंच नव्हतं. पुढचे दोन दिवस मी त्या भांडणाच्याच मागे गेले.

शुक्रवारी इंग्रजी शब्द काढायला बसले. बरेच निघाले. भांडणातले तीन निघेनात. ती मुलगी तसंच बोलते. ते राहू दिले आणि कथा पाठवून दिली.