कवळीकाका आणि बोळकी म्हातारी

आमच्या गल्लीतले निम्मे लोक कवळीकाकांच्या दातांनी हसतात. चाळीस वर्षं कवळ्या घडवत आलेला हा माणूस बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, तोंडात बघतो. एकसष्टाव्या वर्षी काका तैलरंगात चेहरे रंगवायला शिकू लागले, तेव्हा गल्ली त्यांच्याच दातांनी त्यांना हसली.

कारण काकूंना ठाऊक होतं. त्यांच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली होती. महिन्याभराने ऑपरेशन, हाड काढणार, चेहरा बदलणार.

"फोटो नको," काकू म्हणाल्या. "फोटोत मी पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते. तुम्ही काढा."

चित्रकलेच्या बाईंची अट होती : आधी जुन्या चित्राची हुबेहूब नक्कल, मगच जिवंत माणूस. त्यांनी चारशे वर्षांपूर्वीच्या एका शालवाल्या म्हातारीचं चित्र दिलं. काकांनी चौकटी आखल्या, तपकिरी रंगात उजेड-सावली बसवली, वर थर चढवले. शाल जमली, सुरकुत्या जमल्या. म्हातारी मात्र कुणी भलतीच! तीनदा तोंड खरवडलं. दिवस सरत होते. काका घरी चोरून काकूंचा गाल बघत, आणि काकू पटकन त्यावर हात ठेवत.

शेवटी बाई ओरडल्या, "अहो, हिच्या तोंडाचं बोळकं झालंय! तुम्ही हिला कवळी बसवलीत! असायला हवं ते नको, आहे ते काढा."

काका चरकले. हात सवयीने ओठांमागे दात भरत होता. चौथ्यांदा खरवडून त्यांनी गाल आत घेतले आणि म्हातारी अवतरली. आनंद व्हायचा तर काकांनी ब्रशच खाली ठेवला. आता काकू.

चार दिवस उरले होते. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या. काकांनी तोंड न हलवण्याची ताकीद दिली.

"बोलायचं नाही? लग्न झाल्यापासून याच संधीची वाट बघत होतात ना!"

थोड्या वेळाने काकांची नजर हेरून त्याच म्हणाल्या, "डावीकडचं फार लवकर उरकलंत."

"सूज... उतरेल ना."

"उतरेल तेव्हा उतरेल. आज आहे ना?"

काकांनी रंग खरवडला. मग सूज काढली, तिच्याखालची सावली काढली, ओठाचा ताणलेला कोपरा काढला.

काकूंनी उठून बराच वेळ चित्र पाहिलं. "ही घाबरलीय हो."

"हो."

"आणि काढणारा?"

काकांनी ब्रश धुवायला टर्पेंटाइनच्या बरणीत घातला. तो काचेवर किणकिण वाजत राहिला, काकूंनी त्यांचं मनगट धरेपर्यंत.