सुलभाची बोलकी पाटी

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरत होते. तिच्या भाचीने एवढंच सांगितलं, "मावशी झोपेतच गेली..." मला आधी आठवले ते भाऊ, तिचे यजमान. पक्षाघाताने त्यांची वाचा गेलेली. आता त्यांच्या मनातलं कोण ओळखणार?

आम्ही दोघी एकाच शाळेत गणित शिकवायचो. भाऊ आजारी पडले आणि निवृत्त झालेली सुलभा चक्क पायथन ही संगणकाची भाषा शिकायला बसली. तिने लॅपटॉपवर चित्रांची एक पाटी केली. भाऊंनी चित्राला बोट लावलं की तिच्याच आवाजात शब्द यायचा... पाणी, पेज, पंखा, 'कंटाळा आला'. हे शेवटचं भाऊ नेमकं पाहुण्यांसमोर दाबायचे!

मग नवा लॅपटॉप आला आणि पाटी उघडेचना. आवाजाचं मॉड्यूल, म्हणजे आवाज ऐकवणारा तयार जोडभाग, सापडत नाही, असा संदेश. सुलभाने ते बसवायला घेतलं, तर उत्तर आलं, आधीच बसवलेलं आहे.

"आहे पण म्हणतंय नि सापडत नाही पण म्हणतंय! खुळं झालंय काय हे?" शेजारी बसलेली मी वैतागले.

इकडे भाऊ खुर्चीत चुळबुळ करत होते. पाणी नको, औषध नको. काय हवंय ते कळेना, आणि त्यांचे डोळे भरून आले. सुलभा म्हणाली, "थांब गो. सापडत नाही म्हणजे नाहीच असं नव्हे. ते शोधतंय कुठे, ते बघूया."

तिने बघितलं. लॅपटॉपवर पायथन दोन वेगळ्या जागी, दोनदा बसवलेलं निघालं. मॉड्यूल एकात बसलेलं, पाटी चालत होती दुसऱ्यावर. तिने त्या दुसऱ्यातही ते बसवलं आणि पाटी उघडली. भाऊंनी घाईने बोट टेकवलं, "खिडकी."

उन्हाची तिरीप केव्हापासून त्यांच्या डोळ्यांवर येत होती. सुलभाने पडदा ओढला. "अहो, कधीपासून सांगत होतात..." एवढंच म्हणाली आणि पडद्याकडे तोंड करून रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

परवा भाऊंना भेटायला गेले. दारातच घुटमळले. काय बोलायचं? त्यांनी पाटी जवळ ओढली. त्यात माझा फोटो होता. सुलभाने तो कधी घातला, मला ठाऊक नाही. भाऊंनी त्यावर बोट ठेवलं.

"आलीस? बस गो."

मी बसले.