खिडकीत उभा केलेला प्लग

धायरीत यमुनाबाईचं गॅरेज आहे. पाटीवर नाव अजून नवऱ्याचंच, महिपतीचं. बाई पाना हातात धरते म्हणून आधी गाव हसलं. मग गावाच्या गाड्या तिच्या हाताखालनं नीट पळायला लागल्या, तसं गाव गप झालं.

तिच्या कानातला आवाज मात्र गप होत नव्हता. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत, तसा. मिक्सर लावला की त्यात वाजायचा, ट्रक चढाला लागला की त्यात वाजायचा. महिपती मोटारसायकलच्या शर्यतीत पडून गेला, त्या दिवशी त्याच्या गाडीतनं हाच आवाज आला होता.

जोरकस इंजिनात ठिणगी पाडायला थंड प्लग लागतो, म्हणजे अंगातली आग भराभर बाहेर टाकणारा. तो चालू होताना रुसतो, पेट्रोलनं भिजतो, किका मारून पिंढऱ्या भरतात. गरम प्लग एका किकेत पेटतो, पण गाडी भरात आली की त्याच्या टोकाचा निखारा होतो. ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल भडकतं आणि पिस्टनवर घण बसायला लागतात. तीच ती खडखड. महिपतीला हे पाठ होतं. पण त्या दिवशी गाडी भिजली, तो किका मारून घामाघूम झाला, माणसं खिदळली, आणि त्यानं गरम प्लग चढवला. पिस्टनला भोक पडलं, मागचं चाक जाम झालं. दोरीपलीकडं उभ्या यमुनाबाईनं खडखड ओळखून बोंब मारली होती. त्या कल्लोळात ऐकतंय कोण?

तीच गाडी पोरानं, सोनूनं, पुन्हा उभी केली आणि शर्यतीत नाव दिलं.

"आये, थंड प्लगनं स्टार्टलाच मार खातो मी. पब्लिक हसतं."

"बापालाबी हसलं व्हतं. त्यातलं एकबी खांदा द्यायला आलं न्हाई."

"झालं तुझं चालू!"

"किका मारायला देवानं पाय दिल्यात न्हवं? मग मार."

तिनं आपल्या हातानं थंड प्लग आवळला.

शर्यतीच्या सकाळी सोनू गाडी टेंपोत घालून गेला. दिवस कलता परत आला तो सगळ्यांत शेवटचा नंबर घेऊन, तोंड पांढरंफटक करून.

"आये, प्लग तू बदललास?"

"मी हितनं हलले न्हाई. कुठला प्लग?"

"सकाळी तू पाणी भरायला गेलीस, तवा मी गरम घातला व्हता. थंडवाला खिशात टाकला. टेंपोत गाडीला टेकून बसलो व्हतो, कुणी हात लावला न्हाई. तिथं गाडी भिजली. उघडून बघतो तर आत थंडच. आन् खिसा रिकामा."

यमुनाबाईनं त्याच्या थोबाडात द्यायला हात उचलला, तो तसाच राहिला. तिनं गाडीतला प्लग काढला, उजेडात धरला. काळा, ओला. पांढऱ्या चिनीमातीवर एकही चकाकता ठिपका नाही. पिस्टन वितळायला लागला की त्याचे कण तिथं मिठागत चिकटतात. महिपतीचा प्लग तसा होता.

"मग गरमवाला कुठाय?" ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिची मान खिडकीकडं वळली.

काढलेल्या प्लगावर फुंकर मारायची आणि तो खिडकीच्या चौकटीत टोक वर करून उभा करायचा, ही महिपतीची खोड. तो गेल्यापासनं तिथं कुणी काही ठेवत नव्हतं. धूळ बोटभर. त्या धुळीत प्लग उभा होता, टोक वर.

धुळीत बोट उमटलेलं नव्हतं.

यमुनाबाई जवळ गेली, हात लावला आणि चटका बसल्यागत मागं घेतला. बोटं पदरात दाबली. मिक्सर बंद होता, रस्त्यावर ट्रकही नव्हता, आणि कानातही काही वाजत नव्हतं.

सोनू पुढं सरकला, तशी ती त्याच्या आडवी झाली.

"लांब हो. नुकताच काढलाय."